‘तसंही त्यात यंत्रच वाजवतं ना?’

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. संगीत ही कला कशामुळे ठरते, एआयमुळे इलेक्ट्रॉनिक संगीताचं काय होईल, आणि अशा दिवसांत तुम्ही ते शिकायला घ्यावं की नाही. पण जाता जाता इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल कंसात एक ओळ टाकली आहे: ‘तसंही त्यात यंत्रच वाजवतं ना?’ मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. बाकीचं जमेल तसं बघू.

हे वाक्य मी एका माणसाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा सूरसुद्धा पाठ आहे. माझा जुना भिडू. तो गिटार वाजवायचा, माझ्याकडे सिंथ (विजेवर आवाज घडवणारं वाद्य), ड्रम मशीन आणि लॅपटॉप. दोघांचंच पथक. बहुतेक चाली माझ्या, बेसलाइन म्हणजे खालच्या खर्जाची ओळ माझी, कुठला आवाज कधी येणार आणि कधी जाणार ही सगळी मांडणी माझी. गिटारचे तुकडे त्याचे, आणि ते चांगले असायचे, नाकारत नाही. माइक मात्र कायम त्याच्याकडे. ओळख करून देताना तो आधी स्वतःचं नाव सांगायचा आणि मग माझ्याकडे हात करून म्हणायचा, ‘आणि लॅपटॉपवर ही.’ लॅपटॉपवर ही! जणू मी तिथे तिकिटं तपासायला बसले होते.

आमचा खरा खटका उडाला तो एका ट्रॅकच्या मधल्या भागावरून. तिथे मी किक काढून घेतली होती. नाचणाऱ्याचा पाय ज्या ठोक्यावर पडतो तोच गायब. सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) नुसती हाय-हॅट, म्हणजे बारीक झांज, आणि खाली बेसचा एकच स्वर. दर फेरीत त्याचा फिल्टर किंचित उघडायचा, म्हणजे स्वर तोच पण अंगावर येत जाणारा. आता किक येणार, आता येणार असं वाटत राहतं आणि ती येत नाही. निम्मे बार झाले की लोक नाचायचे थांबून एकमेकांकडे बघायचे. मला नेमकं तेच हवं होतं. भिडू म्हणायचा, ‘लोक थांबतायत.’ मी म्हणायचे, थांबू देत. ‘मशीन अडकलंय असं वाटतं.’ वाटू दे. मग त्याचं ठेवणीतलं अस्त्र निघायचं: ‘तू कुठे वाजवतेस? यंत्र वाजवतं. जो वाजवतो त्याला कळतं समोरच्याला काय हवंय ते.’

पथक मोडलं त्याला आणखीही कारणं होती, पण मूळ हे.

त्याला तेव्हा जे ऐकवलं होतं तेच तुम्हालाही सांगते. यंत्र वाजवत नाही, यंत्र आवाज काढतं. पियानोत हजारो सुटे भाग असतात. बोट पट्टीवर पडल्यापासून हातोडी तारेवर आपटेपर्यंत मध्ये पट्ट्या आणि दांड्यांची मोठी साखळी आहे, आणि हातोडी सुटली की तिच्यावर वादकाचा ताबा उरत नाही. त्याला कोणी ‘यंत्र वाजवतं’ म्हणत नाही. लाकूड आणि तार असली की पवित्र, वीज आली की विटाळ, हा नियम कुणी केला? आणि ही भीतीही नवी नाही. अमेरिकेतला बँडवाला सूझा १९०६ मध्येच ग्रामोफोन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या नावाने बोटं मोडत होता. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेच्या एका लंडन शाखेने तर सिंथ आणि ड्रम मशीनवर बंदी आणायचा ठराव केला होता.

डेलिया डर्बीशायर हे नाव ऐकलं नसेल तर शोधा. बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप हा ध्वनिप्रयोगांचा विभाग १९५८ मध्ये सुरू झाला, ही बाई तिथे काम करायची. १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षकसंगीत तिने घडवलं. चाल रॉन ग्रेनरची, कागदावर लिहिलेली. तेव्हा तयार सिंथ मिळत नव्हते. तिने कुठे तार छेडून, कुठे चाचणीसाठी वापरायच्या ऑसिलेटरमधून (सलग स्वर काढणारं उपकरण) एकेक स्वर काढला, टेपवर घेतला, प्रत्येक स्वराची फीत हव्या त्या लांबीची कापली आणि तुकडे जोडत नेले. ग्रेनरने ते ऐकून ‘हे मीच लिहिलंय का?’ अशा अर्थाचं काहीतरी विचारल्याचं सांगतात. श्रेयात तिचा वाटा असावा असं त्याला वाटत होतं, पण तिथल्या नियमात ते बसत नव्हतं. पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये. तोवर ती जाऊन बारा वर्षं झाली होती. आता सांगा, तिथे काय वाजवलं यंत्राने?

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात यंत्र एकच आहे आणि हात वेगळे. रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची एक पेटी काढली. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा हा हेतू. बेस गिटारसारखी ती अजिबात वाजायची नाही, प्रोग्रॅम करणंही डोकेदुखी, त्यामुळे खपली नाही आणि १९८४ मध्ये बंद पडली. पण १९८२ मध्येच मुंबईतल्या चरणजित सिंग यांनी हीच पेटी, सोबत ८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं. तिकडे शिकागोत फ्युचर नावाच्या पोरांनी जुन्या बाजारातली ३०३ घेतली आणि ती चालू असताना तिचे नॉब नको तितके पिळले. तो चिरकणारा, लवचीक आवाज १९८७ मध्ये बाहेर आला आणि त्यातून ॲसिड हाऊस हा नाचायच्या संगीताचा प्रकार उभा राहिला. पेटी तीच. सिंग यांनी तिच्यातून रागाची वळणं काढली, त्या पोरांनी किंचाळी काढली. यंत्रच वाजवत असतं तर दोन्हीकडे एकच वाजलं असतं.

हे सगळं मी भिडूला ऐकवलं होतं. त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही.

आणि गेल्या वर्षी त्याचा मेसेज आला. सोबत एक फाइल. ‘ऐक. एका ओळीत केलं.’ एआयवर. संथ टेक्नो, जुन्या सिंथचे सूर, बाईचा आवाज, उदास, असं काहीतरी लिहून दिलं होतं म्हणे. ज्या माणसाच्या मते ड्रम मशीनला हात लावणं म्हणजे फसवणूक, तो खुशीत होता. अखेर आपल्यालाही पूर्ण गाणं करता येतंय, मध्ये कोणी नको, तंत्र शिकायला नको. आणि विनंती: ‘जरा मिक्स करून देतेस का? हाय-हॅट कशीतरीच वाटते.’

नाही म्हणायला हवं होतं, पण कुतूहल वाटलं म्हणून फाइल उघडली. तिथे वेगवेगळे ट्रॅक नसतातच, एकच सपाट ध्वनी असतो. म्हणून स्टेम, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज, वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. हाय-हॅट खरंच फसफसत होती, वरच्या पट्टीतलं सगळं एकमेकांत मिसळलेलं. गाणाऱ्या बाईचा श्वास अर्धा ड्रमच्या स्टेममध्ये जाऊन बसलेला. पण तो मुद्दा नाही. असे दोष पुढच्या आवृत्तीत जातात. बाकी सगळं बरोबर होतं. दर आठ बारांनी काहीतरी वाढत होतं, दर सोळा बारांनी उतरत होतं, ड्रॉप, म्हणजे ताणून धरलेला ठेका परत कोसळतो ती जागा, जिथे यायचा तिथे आला होता. एकही जागा अशी नव्हती जिथे मी म्हणेन, हे काय केलं!

एक होती. दुसऱ्या भागात बेस अर्धा बार आधीच सुटत होता. किक यायच्या आधी तो एकटाच पुढे पडायचा, तोल गेल्यासारखा, आणि मग किक त्याला येऊन पकडायची. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. भिडूला विचारलं, तो बेस आधी सोडलाय, मुद्दाम?

‘कुठे?’

मी मिनिट-सेकंद सांगितलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, ‘अरेच्चा, चुकलंय की. सरळ करून टाक ना मिक्समध्ये.’

घ्या, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर. त्या अख्ख्या ट्रॅकमध्ये ऐकण्यासारखी एक जागा होती, आणि ज्याने तो ‘केला’ त्याला ती ठाऊकही नव्हती. दाखवल्यावर ती पुसायची होती. संगीत कला होतं ते आवाज कशातून आला यावरून नाही. एखादा आवाज तिथे का आहे, किंवा का नाही, याला कोणीतरी जबाबदार असतो, त्यावरून होतं. मी किक काढली तेव्हा लोक थांबले, त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार हे मला माहीत होतं. फुटलंही. तो बेस एआय मॉडेलने आधी सोडला तेव्हा कोणीच काही पणाला लावलेलं नव्हतं.

यावर कोणी म्हणेल की फ्युचरच्या पोरांनाही तो आवाज अपघातानेच सापडला. बरोबर. अपघाताला माझी ना नाही. इलेक्ट्रॉनिक संगीताचा निम्मा इतिहास अपघातांचाच आहे. संगणकाने सुचवायलाही ना नाही. अमेरिकेतल्या हिलर आणि आयझॅकसन यांनी १९५७ मध्ये इलियाक संगणकाकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करून घेतली. त्यात संगणक यादृच्छिक स्वर काढायचा आणि नियमात न बसणारे फेकून द्यायचा, पण ते नियम कुठले हे दोन माणसांनी ठरवलं होतं आणि त्याचा हिशेब त्यांनी छापून दिला. शिकागोच्या पोरांनी किंचाळी ऐकली, ‘हेच’ म्हटलं आणि तब्बल अकरा-बारा मिनिटं तीच वाजू दिली. ही निवड होती, तीही अंगावर येऊ शकणारी. भिडूने समजा भरपूर ट्रॅक काढून घेतले असते, त्यातले बाकीचे टाकून नेमका तो बेस सुटणारा ठेवला असता, त्या अर्ध्या बारासाठी माझ्याशी भांडला असता, तर मी त्याला कलाकार म्हटलं असतं. कुरकुरत, पण म्हटलं असतं. तो पहिलाच आलेला ट्रॅक घेऊन आला आणि हाय-हॅट साफ करून मागत होता.

कायद्याचा कलही सध्या साधारण असाच आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ मधल्या अहवालात म्हटलं की नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायची सूचना, लिहिल्याने कोणी त्या कृतीचा कर्ता ठरत नाही. माणसाने नंतर त्यात रचना, फेरफार केले असतील तर त्या भागापुरतं बघता येईल. कायदा म्हणजे काही सौंदर्यशास्त्र नव्हे. पण भिडूला ही बातमी मी आवर्जून पाठवली होती.

आता एआयने काय होईल. सगळ्यात आधी मार बसेल तो त्या संगीताला ज्याच्याकडे कोणी कान देऊन ऐकतच नव्हतं. जाहिरातीखालचं, व्हिडिओखालचं, अभ्यासाला लावायचं. मी स्वतः अशी कामं करते, आणि ती कमी झाली आहेत. डीझर या स्ट्रीमिंग सेवेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे रोज साधारण १०,००० ट्रॅक पूर्णपणे एआयने केलेले येतात. एप्रिलपर्यंत तो आकडा २०,०००च्या वर गेला, म्हणजे रोज येणाऱ्या मालाच्या सुमारे १८ टक्के. यातलं ऐकलं किती जातं ही वेगळी गोष्ट, पण ढीग वाढला की खालचा माणूस दिसत नाही.

आणि आमच्याच प्रकाराला जास्त धोका का? कारण आम्हीच वाट सोपी करून ठेवली. ठरलेली लय, चारचा ठेका, सगळं ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या आखीव चौकटीवर, चिकटवलेलं, आठ-सोळा बारांचे कप्पे, त्यात हजारो जणांनी विकत घेतलेला तोच लूप पॅक (तयार तुकड्यांचा संच) आणि तोच प्रीसेट (सिंथमधला तयार आवाज). मॉडेल शिकतं काय, तर अशा आवाजानंतर साधारण कसा आवाज येतो. तुमचा पुढचा बार कोणालाही आधी ओळखता येत असेल तर मॉडेलला तो का येऊ नये? असं संगीत करणाऱ्यांचा धंदा बसला तर मला वाईट वाटेल, पण संगीताचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. हिप-हॉपवाल्या जे डिलाने एमपीसी या ठेके बसवायच्या यंत्रावर ग्रिड न पाळता किक किंचित मागे-पुढे ठेवली तेव्हा तीही यंत्रावरच वाजत होती. ग्रिड सोडायला कोणी अडवलं नव्हतं.

एआय मॉडेलला शिकवण्यासाठी वापरलेल्या संगीताचा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि तिथे इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी साळसूदपणाचा आव आणू नये. ‘अमेन ब्रेक’ तुम्ही हजारदा ऐकला असेल, नाव माहीत नसलं तरी. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमनने वाजवलेले सहा-सात सेकंदांचे ड्रम. ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ हे नाचायच्या संगीताचे प्रकार जवळजवळ त्या तुकड्यावर उभे राहिले. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. जून २०२४ मध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि यूडिओ या एआयने गाणी करून देणाऱ्या कंपन्यांवर परवानगीशिवाय गाणी वापरल्याचे दावे ठोकले, पुढे २०२५ मध्ये त्यांतल्या काहींनी तडजोडी करून परवाने दिले. त्या परवान्यांतून ड्रम वाजवणाऱ्यापर्यंत किती झिरपेल, तुम्हीच अंदाज करा. सॅम्पल करणारा निदान एक तुकडा उचलतो, आणि तो कुणाचा हे कान देऊन ओळखता येतं. मॉडेल सगळ्यांचं थोडं थोडं उचलतं आणि कुणाचंच दिसत नाही.

इथवर वाचून मी एआयविरोधी आहे असं वाटलं असेल तर तसं नाही. स्टेम वेगळे करणारी साधनं मी रोज वापरते, आणि ती एआयच आहेत. जॉन लेननचा जुन्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून सोडवून २०२३ मध्ये बीटल्सचं गाणं पूर्ण झालं, ते याच जातीच्या तंत्राने. हॉली हर्नडन या संगीतकार बाईने २०१९ मध्ये एक अल्बम केला, त्यासाठी माणसांच्या गायनवृंदाला घेऊन स्वतःचं मॉडेल शिकवलं आणि त्याचे अडखळणारे, अर्धवट आवाज तसेच ठेवले. कुणाचे आवाज, कशासाठी, हे ती सांगू शकते. ३०३चे नॉब पिळणारं कोणीतरी या मॉडेललाही भेटेल आणि त्याच्या बिघाडातून एखादा प्रकार निघेल, असं मला मनापासून वाटतं. तो प्रकार मला बहुधा आवडणार नाही. वय झालं.

शिकायचं की नाही? शिका. यंत्रं विकत घेऊ नका, फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. लूप पॅक लगेच उघडू नका. एक ड्रम मशीन, एक सिंथ, एवढ्यावर एक ट्रॅक पूर्ण करा, वाईट झाला तरी. सिंथचा प्रीसेट न घेता कोऱ्या आवाजापासून सुरुवात करा. फिल्टरचा कटऑफ (आवाज कुठून कापायचा) आणि रेझोनन्स (त्या जागेला धार किती) हातात बसेपर्यंत दुसरं काही शिकू नका. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यांना सूचना द्यायच्या संगणकी भाषेत, प्रत्येक स्वराच्या जोराला ० ते १२७ असे आकडे असतात. सगळे १०० वर ठेवायची सवय लागली की सुटत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून ते हाताने बदला. आणि ट्रॅक झाला की त्यातलं काहीतरी काढून टाका, शक्यतो जे सगळ्यांना आवडतंय तेच. सोबतीला गिटारवाला घेणार असाल तर माइक कुणाकडे राहील हे आधीच ठरवून घ्या.

हे सगळं माझ्या प्रकाराच्या संगीतापुरतं. चित्रपटासाठी किंवा गेमसाठी करणाऱ्यांचे व्यवहार वेगळे असतात, त्यांना विचारा. नाचायला लावणं हे एक काम आहे आणि ते एआयने चोख केलं तर नाचणाऱ्याची काही तक्रार असायचं कारण नाही, हेही मान्य.

भिडूचा मिक्स मी करून दिला नाही. बेस जिथे सुटतो तेवढे चार बार मात्र कापून ठेवले आहेत, आणि वापरले तर कुठून आले ते लिहीन. दुसऱ्या कोणाकडून त्याने मिक्स करून घेतला असेल तर त्या माणसाचं नाव घालावं. ‘लॅपटॉपवर’ एवढंच नको.